चिमूटभर कूट

“मॅडम, व्हेज, नॉनव्हेज की जैन?”

“व्हेज. पण मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. सिव्हिअर.”

“म्हणजे जैन.”

“जैन नाही हो. शेंगदाणा चालत नाही. चुकून पोटात गेला तर अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास अडकतो.”

टूर कंपनीतल्या त्या मुलाने कीबोर्डवर बराच वेळ टकटक केली. “मॅडम, सिस्टिममध्ये तीनच चौकोन आहेत. मी जैन टाकतो. जैनमध्ये बरंच काही वगळतात, त्यात तुमचंही वगळलं जाईल.”

जैन जेवणातून कांदा, लसूण, बटाटा जातो. शेंगदाणा जमिनीखाली वाढूनही कंदमुळात मोडत नाही, त्यामुळे बहुतेक जैन घरांत तो ताठ मानेने वावरतो. म्हणजे मला जे चालतं ते काढून टाकायचं आणि जे चालत नाही तेवढं ताटात ठेवायचं, अशी चोख व्यवस्था त्या मुलाने एका क्लिकमध्ये केली होती. वर म्हणाला, “टेन्शन घेऊ नका, क्रूझवर चोवीस तास खायला मिळतं.”

टेन्शन त्याचंच होतं.

शेंगदाण्याचं वावडं असलेल्या माणसाने जन्माला कुठेही यावं, महाराष्ट्रात येऊ नये. आमच्याकडे शेंगदाणा कुणी पदार्थात धरतच नाही. “यात शेंगदाणे आहेत का?” असं विचारलं की यजमानीणबाई छातीठोकपणे “छे छे” म्हणतात. मग मी कोशिंबिरीतल्या तांबूस कणांकडे बोट दाखवते. “ते होय? ते कूट आहे. शेंगदाणे कुठे दिसतायत तुला?” भरल्या वांग्यात कूट, अळूच्या भाजीत दाणे, ठेच्यात दाणे, पोह्यांत दाणे. एकादशीला सगळं घर साबुदाण्याची खिचडी खाऊन दुप्पट जेवतं, खरा उपास फक्त मला घडतो. त्यात अलीकडे लाकडी घाण्याच्या तेलाची लाट आली. गाळून, तापवून, धुऊन काढलेल्या रिफाइन्ड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, त्यामुळे त्यातून मी एरवी निभावून जात असे. घाण्याच्या तेलात ते उरतं. आरोग्याची जाण वाढली आणि मला जेवायला जाता येईल अशी घरं निम्मी झाली.

सल्ले मात्र भरपूर मिळतात. “भाजून घेतले तर बाधत नाहीत ना?” हा सगळ्यात लाडका. शेंगदाण्यातली त्रासदायक प्रथिनं उष्णतेला दाद देत नाहीत, उलट भाजल्यावर जास्त तिखट होतात, हे मी इतक्यांना सांगितलंय की आता झोपेतही सांगते. दुसरा लाडका सल्ला, थोडं थोडं खाऊन सवय कर. २०१५ साली लंडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की तान्ह्या बाळांना वर्षाच्या आत शेंगदाण्याची ओळख करून दिली तर पुढे ॲलर्जीचं प्रमाण खूपच कमी होतं. ती बातमी कुणीतरी माझ्या आत्याला पाठवली. मी पन्नाशी ओलांडली आहे. आत्या अजूनही मला बघितलं की म्हणते, “वहिनीने वेळेवर भरवले असते तर!”

नवरा माझा जळगावकडचा. भाजके दाणे आणि गुळाचा खडा यांवर पोसलेला. लग्नानंतर आमच्या घरात शेंगदाणा आला नाही. संक्रांतीला तो गच्चीवर उभा राहून तिळगूळ खातो, खाली येऊन साबणाने हात धुतो, दात घासतो आणि काही तास माझ्याशी लांबूनच गोड बोलतो. दाण्याचा अंश लाळेत बराच वेळ राहतो, एवढ्याशा कारणावरून आमच्या संसारातले कितीतरी सण कोरडे गेले. म्हणून लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला सिंगापूर, पेनांग, फुकेत अशी क्रूझ ठरली, तेव्हा मी मोठ्या मनाने त्याला म्हटलं, “बोटीवर तुम्ही एकदा साते खा. दाण्याच्या सॉससकट. मी दुसऱ्या टोकाला बसेन.” त्याचे डोळे पाणावल्यासारखे झाले. त्या दिवसापासून तो मोबाइलवर चिकन सातेचे व्हिडिओ आवाज बंद करून बघायला लागला.

माझी तयारी वेगळी होती. ॲड्रेनालिनचं तयार पेन आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. भाच्याने परदेशातून दोन आणली. डॉक्टरांनी वर ॲम्प्यूल आणि सिरिंज दिली आणि नवऱ्याला शिकवलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून दिलं तरी चालतं, आधी इंजेक्शन आणि मग बाकीचा गोंधळ. सराव मोसंब्यावर करायचा होता. नवऱ्याने इतक्या निष्ठेने केला की आठवडाभर घरात ज्या मोसंब्याला हात लावावा ते गळत होतं. शिवाय डॉक्टरांचं पत्र, ॲलर्जीच्या गोळ्या, आणि इंग्रजी, मलय, थाई, चिनी अशा चार भाषांतली छापील कार्डं: मला शेंगदाण्याने मृत्यू येऊ शकतो, कृपया मदत करा. विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या बाईंनी सिरिंज पाहिली, पत्र वाचलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “भाजलेले पण नाही चालत?”

विमानात माझ्या नावाचं जैन जेवण आलं. त्यात चटणी होती. कशाची होती हे मी सांगत बसत नाही.

बोटीवर पाऊल ठेवल्यावर पहिला कार्यक्रम जीव वाचवण्याचा. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यापाशी कोस्टा कॉनकॉर्डिया कलंडली, तेव्हापासून हा सराव बोट सुटायच्या आतच उरकून घेतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब, की लाइफ जॅकेट घेऊन आपापल्या जागी जमायचं. आमचा ग्रुप जमला. सोलापूरच्या काकूंनी जॅकेटवर पदर घेतला, काकांनी शिट्टी फुंकून पाहिली. प्रश्न विचारा म्हटल्यावर मी अधिकाऱ्याला विचारलं, “किचनमध्ये शेंगदाण्याची पावडर सांडली तर किती भोंगे?” तो गोंधळला. टूर मॅनेजरने लगबगीने खुलासा केला, “शी इज जैन.”

संध्याकाळी डायनिंग रूममध्ये हेडवेटर भेटला. फिलिपिन्सचा, चेहऱ्यावर डॉक्टरची गंभीरता, हातात टॅबलेट. तो माझ्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला. इतक्या वर्षांत माझ्या ॲलर्जीसमोर कुणी गुडघे टेकले नव्हते, मी विरघळलेच. त्याच्या टॅबलेटवर चौकोनांची लांबच लांब रांग होती. युरोपात २०१४ च्या डिसेंबरपासून हॉटेलवाल्यांना चौदा पदार्थांची माहिती द्यावीच लागते, अमेरिकेच्या यादीत नऊ आहेत, त्यातला नववा म्हणजे तीळ २०२३ पासून आला. ही जागतिक चिंता तो एकेक करून माझ्यापुढे वाचायला लागला.

“पीनट?” हो. “काजू, बदाम, अक्रोड?” त्यांची ॲलर्जी नाही, पण भेसळ असते म्हणून मी जपून असते, हे वाक्य इंग्रजीत जुळवेपर्यंत त्याने खूण केली. “तीळ?” मी संक्रांत आठवून क्षणभर थांबले. खूण. “मोहरी?” मोहरीशिवाय फोडणी कशी, म्हणून मला हसू आलं. खूण. मी अडखळले की खूण, खोकले की खूण. अंडं, मासे, कोळंबी आधीच शाकाहारात गेली होती. टूर मॅनेजरने “नो स्पायसी” जोडलं. जैन तर सिस्टिममध्ये होतंच. शेवटी नवरा प्रेमाने पुढे झुकला आणि म्हणाला, “तिला वांगंही आवडत नाही.” हेडवेटरने ती खूण सगळ्यांत ठसठशीत केली. मग केबिन नंबर विचारला, नवऱ्याने पाठ केल्यासारखा सांगितला, आणि हेडवेटर उठून म्हणाला, “मॅडम, यू आर सेफ.”

सेफ म्हणजे किती सेफ ते थोड्या वेळाने कळलं. इतरांच्या ताटल्या चार-चार एका हातावर येत होत्या. माझी एकटी आली, चकचकीत झाकणाखाली, तिच्यामागे हेडवेटर, त्याच्यामागे एक शेफ. किचनमध्ये माझ्यासाठी जांभळ्या रंगाचा वेगळा पाट, वेगळी सुरी, नवे हातमोजे, वेगळा तवा. शेफने हे सगळं उभं राहून सांगितलं. आसपासची टेबलं थबकली. झाकण उचललं गेलं. आत पांढरा भात, वाफवलेली फरसबी आणि वाफवलेली झुकिनी होती. मीठ बाजूला, वाटीत.

पाठोपाठ दुसरी झाकलेली ताटली आली आणि नवऱ्यापुढे ठेवली गेली. तीही तशीच. त्याने मेनूकार्ड उघडून सातेवर बोट ठेवलं होतं. वेटरने अदबीने मान हलवली होती. नवरा एक शब्द न बोलता मेनू मिटून माझ्याकडे बघून हसला होता. मला भरून आलं. बायको फरसबी खातेय, तर मीही तेच खाईन! मी टेबलाखालून त्याचा हात दाबला. त्यानेही दाबला, जरा जास्तच जोरात.

दुसऱ्या दिवशी हे मी ग्रुपमधल्या बायकांना सांगितलंच. बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं, ते नवरे समुद्राकडे पाहायला लागले. काकूंनी त्या दिवसापासून काकांना धारेवर धरलं. काकूंना मधुमेह, काका रोज जेवणानंतर दोन-दोन आइस्क्रीम खाणार. “ते बघा, बायकोसाठी घास सोडला माणसाने. तुम्हाला एक चमचा सुटत नाही!” काकांनी आइस्क्रीम सोडलं. ज्या नजरेने ते माझ्या नवऱ्याकडे बघू लागले, ती सहप्रवाशाकडे बघण्याची नजर नव्हती.

आणि मग टेबलावर रोगाची साथ आली.

रोज रात्री हेडवेटर दुसऱ्या दिवसाचा मेनू घेऊन माझ्याजवळ बसायचा, मी काय खाऊ शकते ते ठरवून किचनला कळवायचा. नियम तसाच असतो. ॲलर्जीवाल्याने आदल्या दिवशीच सांगितलेलं बरं. पण बघणाऱ्यांना दिसत होतं ते एवढंच, की एका बाईपुढे सूटबूटवाला माणूस गुडघ्यावर बसतो आणि “उद्या काय करू आपल्यासाठी?” असं विचारतो. आपल्याकडे हे भाग्य जावयालाही धोंड्याच्या महिन्यातच लाभतं. पहिल्यांदा ठाण्याच्या एका बाईंना टोमॅटोची ॲलर्जी झाली. “टोमॅटो खाल्ला की मला कसंतरीच होतं.” मग त्यांच्या मिस्टरांना कोबीची झाली. एका निवृत्त इंजिनिअरांनी हेडवेटरला बोटाने खूण करून सांगितलं की त्यांना थंड चपातीची ॲलर्जी आहे. कुणाला पनीरची होती, पण तळलेल्या पनीरची नव्हती. एका तरुण मुलीला ग्लूटेनची होती, ती फक्त फोटो काढेपर्यंत. नंतर तिने पिझ्झा खाल्ला. हेडवेटर बिचारा प्रत्येकापाशी गुडघे टेकत गेला. टॅबलेटवर आमच्या टेबलाचं पान इतकं वाढलं की त्याला बोटाने खाली खाली ओढत जावं लागे.

याचा परिणाम असा, की माझी फरसबी यायला उशीर होऊ लागला. किचनमध्ये जांभळा पाट आता थंड चपातीवाल्यांसाठीही राबत होता. खोट्या ॲलर्जीचा खऱ्याला होणारा त्रास हा असा असतो: मरत कुणी नाही, पण खऱ्याची खूण गर्दीत हरवते. माझं ताट घेऊन येताना शेफने एकदा सगळ्या टेबलावरून नजर फिरवली आणि मला विचारलं, “मॅडम, तुमच्या गावी पाण्यात काही दोष आहे का?”

निवृत्त इंजिनिअरांनी मला एक दिवस डेकवर गाठून विचारलं, हे ॲलर्जी प्रकरण नवीनच निघालंय ना, आमच्या वेळी नव्हतं. मी त्यांना सांगितलं की हे प्रकरण चांगलं जुनं आहे आणि त्याची सुरुवात बोटीवरच झाली. १९०१ साली मोनॅकोच्या राजपुत्र पहिल्या आल्बेरच्या ‘प्रिन्सेस ॲलिस’ नावाच्या बोटीवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ होते. समुद्रात तरंगणाऱ्या एका विषारी प्राण्याचं विष काढून ते अभ्यास करत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी दुसऱ्या समुद्री जिवाचं विष कुत्र्यांना टोचून पाहिलं. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला पहिला डोस सोसला. तीनेक आठवड्यांनी पुन्हा डोस दिला, तर तो अर्ध्या तासाच्या आत गेला. त्यातून ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीचा जीवघेणा झटका, कळला, आणि १९१३ मध्ये रिशेना नोबेल मिळालं. इंजिनिअरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे मुळात कुत्र्यांचा रोग,” ते म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

बफेकडे मी फिरकतच नव्हते. तिथे दाराशीच पोरं गाणं म्हणत सगळ्यांच्या हातावर सॅनिटायझर मारतात, पोटाच्या साथीला बोटवाले फार घाबरतात. पण सॅनिटायझरने जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन त्याने जात नाही, त्याला साबण-पाणीच लागतं. शिवाय बफेत डावांची अदलाबदल होते. गादो-गादोच्या सॉसमधला डाव कुणीतरी सहज डाळीत ठेवून जातो, आणि त्याला वाटतं आपण टेबल आवरायला मदत केली.

पेनांग आणि फुकेतबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे मी थोडक्यातच जगले. पेनांगचं जॉर्ज टाउन सुंदर आहे, जागतिक वारसास्थळ आहे, आणि तिथे पावलोपावली कुणीतरी शेंगदाणा कुटत असतं. रोजाकवर दाण्याचा चुरा, दुमडलेल्या आपाम बालिकच्या पोटात दाणे आणि साखर. फुकेतला पॅड थाईवर दाणे, मसामन करीत दाणे. दक्षिण अमेरिकेत उगवलेलं हे पीक एवढा समुद्र ओलांडून माझ्या आधीच सगळीकडे जाऊन बसलंय. मी मलय कार्ड एका फेरीवाल्या आजींना दाखवलं. त्यांनी वाचलं, घाबरून माझा हात धरला, आपली गाडी सोडून मला पलीकडच्या फळवाल्याकडे नेलं आणि केळी घेऊन दिली. पैसे घेतले नाहीत. पेनांगला मी केळी खाल्ली, फुकेतलाही केळीच खाल्ली.

आता काकूंच्या प्रेमाबद्दल सांगावं लागेल.

बोटीवर घरचे पदार्थ नेऊ देत नाहीत. सीलबंद बिस्किटं, चिवडा चालतो. पण सोलापूरच्या बाईने शेंगाची चटणी न घेता उंबरठा ओलांडला असं इतिहासात घडलेलं नाही. काकूंनी चटणी प्रोटीन पावडरच्या रिकाम्या डब्यात भरली होती. स्कॅनरवरच्या पोराने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “प्रोटीन.” शास्त्राच्या दृष्टीने ते शंभर टक्के खरं होतं.

फुकेतहून निघालो त्या रात्री डबा डायनिंग रूममध्ये आला. चमचा टेबलावरून फिरू लागला आणि सगळ्यांच्या तोंडी चव आली. मी खुर्ची मागे सरकवून बसले होते, पर्समधल्या पेनवर हात ठेवून. तेवढ्यात माझं ताट आलं: झाकण, हेडवेटर, शेफ. जांभळा पाट, नवे हातमोजे, वेगळा तवा, सगळा मंत्रोच्चार झाला. शेफ वळला. काकूंनी माझ्या ताटात डोकावून पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. “अगं बाई, किती फिकं हे! कसं गिळतेस?”

आणि चिमूटभर चटणी भुरभुरली.

मी किंचाळले. हेडवेटर धावला, त्या लालसर भुकटीकडे बघत म्हणाला, “मॅम, व्हॉट इज धिस?” काकू अभिमानाने म्हणाल्या, “फ्रॉम सोलापूर!” शेजारच्या टेबलावर वाढणारा एक वेटर हातातलं सूप तसंच सोडून आला, “शेंगाची चटणी!” असं ओरडला आणि माझं ताट दोन्ही हातांनी उचलून पळाला. तो पेडण्याचा निघाला. गोव्याचे तारवटी पिढ्यानपिढ्या जगभरच्या बोटींवर आहेत. इतके दिवस माझं नशीब शेजारच्या टेबलावर वाढत होतं आणि मला पत्ता नव्हता. मग टेबलक्लॉथ बदलला, खुर्ची पुसली, मला हात धुवायला पाठवलं, ताट पुन्हा पहिल्यापासून केलं. मला काही झालं नाही. डबा जप्त झाला.

काकू मात्र दुखावल्या. “चिमूटभर तर होती. वरवरचं काढून टाकलं असतं ना!” मी त्यांना समजावलं की चिमटीचाही बारीक अंश पुरतो, काढून टाकला तरी रस भातात उतरतो. त्यांनी मान डोलावली, माझ्या पाठीवरून हात फिरवला, सगळं पटल्याचं सांगितलं. अर्ध्या तासाने माझ्या केबिनचं दार वाजलं. काकू कागदी रुमालात काहीतरी गुंडाळून उभ्या होत्या.

“ही घे. ही चटणी नाही, शेंगापोळी आहे. गोड असते.”

एवढी बोट, एवढे पाट आणि चौकोन, सगळी यंत्रणा परक्यांनी माझ्यासाठी उभी केली होती आणि ती एकदाही चुकली नव्हती. मला मारण्याचा प्रत्येक प्रामाणिक प्रयत्न माझ्या माणसांनी केला होता, तोही डोळ्यांत पाणी आणून.

शेवटच्या रात्री बेक्ड अलास्काची मिरवणूक असते. दिवे मंद करतात, वेटर रांगेने आइस्क्रीमचा केक घेऊन नाचत येतात, प्रवासी रुमाल गरगर फिरवतात. आमचं टेबल रुमाल फिरवून दमलं. प्रत्येकापुढे अलास्का आली. माझ्यापुढे कलिंगडाची फोड आली, तिच्यावर पेटती मेणबत्ती. नवऱ्यापुढेही कलिंगडाची फोड आली, मेणबत्तीसकट.

नवऱ्याने मेणबत्तीकडे पाहिलं. त्याचा चेहरा मी पंचवीस वर्षांत पाहिला नव्हता असा झाला.

“केक तरी खाऊ दे ना मला,” तो म्हणाला. “साते नको, सॉस नको, ठीक आहे. कबूल करून विसरलीस, म्हटलं जाऊ दे. पण आइस्क्रीममध्ये तुझं काय जातं?”

“माझं काय जातं? मी कुठे अडवलं? तुम्हीच तर माझ्यासाठी…”

“मी? फरसबी? स्वतःहून?”

टेबलावर शांतता झाली. पेडण्याचा वेटर हेडवेटरचा टॅबलेट घेऊन आला, बोटाने खाली ओढत गेला, बराच खाली. “मॅडम, इथे ॲलर्जी केबिनच्या नावाने लागलीय. केबिनमध्ये दोघं. सरांना शेंगदाणा नाही, नट्स नाहीत, तीळ, मोहरी, दूध, अंडं नाही, जैन…” तो थांबला. “आणि वांगंही आवडत नाही.”

“मला वांगं आवडतं!” नवरा ओरडला. भरल्या वांग्यासाठी कुणी जळगावचा माणूस परदेशात एवढ्या मोठ्याने ओरडला नसेल. “मला वाटलं हिनेच सांगितलंय. दहा मिनिटं वाद घालण्यापेक्षा म्हटलं फरसबी खावी.”

“आता काढून टाकतो, सर,” वेटर म्हणाला आणि त्याने सगळ्या खुणा एकेक करून पुसल्या. “उद्यापासून तुम्ही काहीही खा.”

“उद्या काय आहे?”

“उद्या सकाळी आठ वाजता उतरायचं आहे, सर.”

ग्रुपमधल्या बायका माझ्याकडे बघेनात. काकूंनी खाली बघून रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. काका इतका वेळ काहीच बोलले नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, माझ्या नवऱ्याला मनापासून एक नमस्कार केला आणि पेडण्याच्या वेटरला बोटाने जवळ बोलावलं.

“इकडे दोन अलास्का,” ते म्हणाले. “आणि व्हॅनिला वेगळं आण.”